चषक प्रणिताताईंचा, पाय कडूबाईचे

चालून कुठं पोचायचंच नसेल तर माणूस चालतो कशाला, हे कडूबाईला आजवर कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही. गाडीत बसून बागेपर्यंत यायचं, गाडी लावायला सावली शोधायची, मग बागेला गोल गोल चकरा मारायच्या आणि घाम आला न आला की पुन्हा गाडीत बसून घरी. घाण्याचा बैल परवडला, त्याच्या फिरण्यातून निदान तेल तरी निघतं. ह्यांच्या फिरण्यातून फाटकासमोरच्या टपरीवाल्याचं भलं होतं, एवढंच. चालून झालं की ह्यांना भूक लागते, भूक लागली की वडापाव, आणि वडापाव खाल्ला की दुसऱ्या दिवशी चालायला यावंच लागतं.

"येड्यांचा बाजार," कडूबाई म्हणायची. मनात नाही, तोंडावर म्हणायची.

नगरची सीना नदी तुम्ही पाहिली असेल. नसेल पाहिली तर काही बिघडत नाही. पावसाळ्यात चार दिवस ती नदी असते, बाकी वर्षभर गावानं टाकलेलं सगळं मुकाट्यानं पुढं नेते. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, पण पाणी बदलावं असं काही कुणाला सुचलं नाही. ह्या सीनेच्या एका काठाला कडूबाईची वस्ती. रोज उजाडायच्या आत ती घरातून निघायची, बांधावरून नाल्याचं तोंड ओलांडायची आणि बाभळींच्या आडून बागेच्या मागच्या भिंतीशी यायची. तिथं भिंतीला भगदाड होतं. कधी पडलं, कुणी पाडलं, देव जाणे. अंग जरा वाकडं केलं की माणूस आत. मग बाग तिरपी कापायची, पुढच्या फाटकातून बाहेर पडायचं, की समोर कॉलनी. कॉलनीत तिची धुण्याभांड्याची घरं. वस्तीतल्या सगळ्याच बाया ह्या वाटेनं यायच्या. ह्या वाटेला कुणी मार्ग म्हणत नव्हतं, कारण तिच्यावरून बायका कामाला जात होत्या.

कडूबाई हे काही लाडाचं नाव नव्हे. ती पाथर्डीकडची, कोरडवाहू मुलखातली. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं हिचं नाव कडू ठेवलं. यमानं तोंडात घातलीच तर थुंकून टाकावी, हा हिशेब. यमानं तोंडात घातली नाही ते घातली नाही, पण कडूपणा पोरीच्या जिभेवर जाऊन बसला तो कायमचा. लहानपणी ऊसतोडीच्या गाडीमागं ती कोसच्या कोस चालली होती, डोक्यावर बोचकं घेऊन. लग्न होऊन नगरला आली, नवरा गेला, पोरगा कानिफनाथ टेम्पो चालवायला लागला आणि बायकोला घेऊन भिंगारला वेगळा राहायला गेला. कडूबाई राहिली नदीकाठी, आपल्या जिभेबरोबर.

तर बागेत फिरणाऱ्या ह्या लोकांचं एक मंडळ होतं, सीनाकाठ प्रभातफेरी मंडळ. कडूबाईनं एकेकाला आपल्या मनानं नावं देऊन ठेवली होती. झाडाखाली गोल करून हात वर करत खदाखदा हसणारे ते खिंकाळे. घरी सुनेशी हसून बोलायचं नाही आणि इथं निंबाच्या झाडाकडं बघून दात काढायचे. एक गृहस्थ उलटा चालायचा, पाठ पुढं करून. त्यानं म्हणे गुडघे चांगले राहतात. तो खेकडा. आणि सगळ्यांचे चिटणीस भागवत सर, कॉलेजातून निवृत्त झालेले, गळ्यात शिट्टी अडकवलेले. चालण्यापेक्षा चालण्यावर बोलणं हे त्यांचं खरं काम.

"सर, तुमी बोलता लई झ्याक," कडूबाई जाता जाता म्हणायची. "पाय दुखत न्हाईत ना बोलून?"

सर हसायचे. त्यांना वाटायचं, बाई कौतुक करते.

आता प्रणिताताई. प्रणिताताई कडूबाईच्या चार घरांपैकी एक घर. नवरा धवल, दातांचा डॉक्टर. बाई काही वाईट नव्हती. वाईट असायलासुद्धा अंगात थोडा जोर लागतो. सकाळी दहाला उठायचं, चहा घेऊन दमायचं, दमलं म्हणून पडायचं, असा सगळा कारभार. पण मंडळाची ती सभासद होती आणि मंडळाच्या फोटोंत मधोमध असायची. फोटोपुरती यायची आणि फोटो झाला की पाय मुरगळायचा.

एके दिवशी कडूबाई भांडी घासत असताना प्रणिताताई ओट्याशी येऊन उभी राहिली.

"मावशी, तुम्ही रोज किती चालता हो?"

"मी कुठं चालती ताई? मी कामाला येती."

"तेच ते. मावशी, एक काम कराल माझं?" ताईनं मनगटावरचं काळं घड्याळ काढलं. त्याला काटे नव्हते, नुसती काच. "हे घालून येत जा रोज. जाताना घालून जायचं, सकाळी घालून यायचं. इथं आलात की मला द्यायचं. डॉक्टर म्हणालेत, चाललं नाही तर तुझं काही खरं नाही. आणि मला तर सकाळी उठवतच नाही. कुणाला बोलू नका हं मात्र."

कडूबाईच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. काही खरं नाही. हे शब्द तिनं एकदाच ऐकले होते, जाऊ लंकाबाई आजारी पडली तेव्हा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं असंच सांगितलं होतं. तेव्हा सासूनं मोहट्याच्या देवीला पायी येण्याचा नवस बोलला. पण लंकाबाईला खाटेवरून उठता येत नव्हतं, मग चालायचं कुणी? कडूबाईच्या माहेरी त्याला रीत होती. आजाऱ्याच्या हातातली बांगडी काढून दुसऱ्या बाईनं आपल्या हातात घालायची आणि त्याच्या नावानं चालायचं. चाललेलं आजाऱ्याच्या खात्यात जमा. नेम तेवढे कडक. पायात वहाण नाही, तोंडात शिवी नाही, वाटेत टेकायचं नाही. कडूबाई लंकाबाईची बांगडी घालून गेली आणि लंकाबाई उठली. आजही नेवाशाला नातवंडं सांभाळते आहे, टुणटुणीत.

म्हणजे शहरातले लोकही हे करतात तर, कडूबाईला वाटलं. बांगडीच्या जागी घड्याळ, एवढाच फरक. आणि कुणाला बोलू नका म्हणाली ते बरोबरच, नवस कधी बोलून दाखवत नाहीत. एवढी तरणीताठी बाई, पदरी लहान लेकरू, आणि डॉक्टर म्हणतो काही खरं नाही. इतके दिवस आपण हिला ऐदी म्हणालो, लोळ म्हणालो. जीभ झडो आपली.

"चालीन ताई," ती म्हणाली. "तुमी काय बी काळजी करू नका. मी हाय."

ताईला नवल वाटलं. काही मागितलं नाही, कुरकुर नाही. तिनं घड्याळ कडूबाईच्या मनगटाला बांधलं आणि पुन्हा जाऊन पडली.

दुसऱ्या दिवसापासून कडूबाई अनवाणी निघाली. बांधावरचे खडे, नाल्याकाठची काच, बाभळीचे काटे, सगळं पायाखाली. चपला पिशवीत घालून न्यायच्या आणि कामावर पोचल्यावर घालायच्या. पायांचं एक वेळ ठीक होतं, ते उसाच्या फडात तयार झालेले. खरी परीक्षा जिभेची. खेकडा उलटा चालत येऊन तिच्या अंगावर आदळला, तेव्हा तोंडात आलेलं सगळं गिळून ती म्हणाली, "असू द्या दादा." खेकडा इतका घाबरला की त्या दिवशी सरळ चालत घरी गेला.

"कडे, तुला बरं न्हाई का?" शेजारची झुंबरबाई रोज तिच्याबरोबर यायची, तिनं न राहवून विचारलं. "चार दिस झालं, तू कुनाला शिवी दिली न्हाई. मला लई भ्या वाटाय लागलंय."

"गप चाल," कडूबाई म्हणाली. हीच काय ती तिची त्या दिवसांतली शिवी.

आणि ती मनापासून चालली हो. वाटेत कुठं टेकली नाही. संध्याकाळी घरी येऊनसुद्धा बांधावर एक फेरी जास्तीची मारायची, ताईच्या नावानं. कामावर असताना ताईला जड पातेलं उचलू द्यायची नाही. "तुमी पडा," म्हणायची. ताई काय, सांगायचाच अवकाश, पडायची. मधून मधून ताई घड्याळाच्या काचेत बघून खूश व्हायची, आणि तिच्या तोंडावरचं हसू बघून कडूबाईला वाटायचं, उतार पडतोय बाईला. देवी पावतेय.

असे दिवस चालले असताना एका सकाळी भागवत सर भगदाडापाशी उभे दिसले. बरोबर मंडळाचे दोघे, हातात मोजायची फीत.

"हे आता बुजवायचं," सर सांगत होते. "नदीकाठापासून बागेपर्यंत आपण सुंदर चालमार्ग करतोय. वर्गणी जमली आहे. इथून कोणीही आत येतं, ते बंद झालं पाहिजे."

ह्या "कोणीही"चा अर्धा भाग त्या वेळी भगदाडात होता आणि अर्धा बाहेर. कडूबाई आत आली. मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. दात ओठांवर दाबून धरले आणि निघून गेली.

भगदाड बुजलं तर काय, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हमरस्त्यावरच्या पुलावरून वळसा घालायचा. पुलाला पायवाट नाही, ट्रक अंगाला घासून जातात. एवढ्या लांबून येऊन पहिलं घर वेळेवर गाठणं शक्य नाही, आणि पहिल्या घरची म्हातारी अशी की चहा उशिरा झाला तर माणूस बदलते. एक घर सुटलं की मागोमाग बाकीची सुटतात. कडूबाईचे गुडघे आधीच कुरकुरत होते. ती कुणाला बोलली नाही, पण रात्री तिला झोप लागली नाही. कानिफनाथच्या दारात जाऊन सुनेच्या हातची भाकर मोजून खायची वेळ येते की काय, ही तिची भीती होती. त्यापेक्षा सीना बरी.

तिनं प्रणिताताईला विचारलं. नवसाचं मोल कुणी घेत नाही, म्हणून कडूबाईनं आजवर ताईकडं जुनी साडीसुद्धा मागितली नव्हती. हे मोल नव्हतं, नुसता शब्द टाकायचा होता.

"ताई, ते भगदाड तेवढं राहू द्या म्हनावं. आमी बाया कुठून येनार?"

"अहो मावशी, मी आहे ना!" ताई म्हणाली. "मंडळात माझा शब्द खाली पडत नाही. निश्चिंत राहा."

कडूबाई निश्चिंत राहिली. चूक तिचीच.

मग मंडळाचा मोठा कार्यक्रम आला. रविवारी बागेत मांडव, खुर्च्या, मोठा टीव्ही आणून ठेवलेला. प्रमुख पाहुणे म्हणून कुणी वजनदार गृहस्थ बोलावले होते. चालण्याचं महत्त्व सांगायला आलेल्या ह्या गृहस्थांना गाडीपासून खुर्चीपर्यंत दोघांनी धरून आणलं. पोहे वाटायला प्रणिताताईनं कडूबाईला बोलावून घेतलं होतं. घड्याळ त्या दिवशी ताईच्या हातात होतं.

भागवत सरांनी शिट्टी वाजवली आणि माईक हातात घेतला.

"मित्रहो, तीन महिने चाललेल्या आपल्या स्पर्धेचा आज निकाल! सर्वांना मागं टाकून, सीनाकाठ चालसम्राज्ञी हा चषक पटकावणाऱ्या आहेत, आपल्या लाडक्या प्रणिताताई!"

कडूबाईच्या हातात पोह्यांचं ताट होतं. स्पर्धा? तिला आधी वाटलं, बाई बरी झाली म्हणून सत्कार करतायत. मग टीव्हीवर नकाशा उमटला. कडूबाईला वाचता येत नव्हतं, पण नदी ओळखता आली, पूल ओळखता आला. एक तांबडी रेघ वस्तीच्या नळापासून निघाली होती. बांधावरून आली, नाल्याचं तोंड ओलांडलं, भिंतीतून आरपार गेली, बाग तिरपी कापून कॉलनीत शिरली. ती रेघ नव्हतीच, कडूबाईचे पाय होते.

"बघा! ताई रोज पहाटे थेट वस्तीपर्यंत जातात!" सर गहिवरले होते. "आपण बागेत गोल फिरतो, आणि ही बाई? का जात असाल ताई तिथं?"

"तिथल्या बायाबापड्यांची जरा विचारपूस करायला," प्रणिताताई माईकवर म्हणाली. खाली बघून म्हणाली, लाजल्यासारखं करून.

टाळ्या पडल्या. खिंकाळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. कडूबाईनं पोह्यांचं ताट टेबलावर ठेवलं.

"पण ताई, ही रेघ भिंतीतून कशी हो गेली?" सरांनी विचारलं.

हीच वेळ होती. एक शब्द टाकला असता ताईनं, की राहू द्या ती वाट, तर सगळं मंडळ मान डोलावणार होतं. कडूबाई ताईच्या तोंडाकडं बघत राहिली.

"अहो, तेच तर!" प्रणिताताई म्हणाली. "त्या भगदाडाची पाहणी करायला मी मुद्दाम तिथून जात होते. फार धोक्याचं आहे. कोणीही आत येतं. माझं तर म्हणणं आहे, उद्याच्या उद्या बंद करा."

पुन्हा टाळ्या. आणि त्या टाळ्यांतच मंडळानं दोन ठराव केले. एक, भगदाड तातडीनं बुजवायचं. दोन, ताईंची ही वाट म्हणजेच मंडळाचा नवा चालमार्ग, तिचा नकाशा फलकावर छापून पुढच्या रविवारी उद्घाटन. एका बैठकीत, एका दमात, हे दोन ठराव. शिकलेल्या माणसांचं डोकं कसं चालतं ते बघा. नव्हे, चालत नाही ते बघा.

लोकांनी बशा टाकून दिल्या, कडूबाईनं त्या गोळा केल्या, विसळल्या, आणि भगदाडातून घरी गेली. बांधावर बसून तिनं पायाचे तळवे उलटे करून पाहिले. काट्यांच्या खुणा होत्या, एक काचेची होती. एका पत्र्याच्या चषकासाठी ती अनवाणी चालली होती. एका पत्र्याच्या चषकासाठी तिनं खेकड्याला दादा म्हटलं होतं. मग तिनं तीन महिन्यांच्या साठवलेल्या शिव्या एकेक करून सीनेला ऐकवल्या. नदीला त्या नव्या नव्हत्या.

सोमवारी ती गेली नाही. मंगळवारी गेली तेव्हा भगदाड विटांनी बंद झालेलं. मग पुलावरून वळसा. ट्रकच्या धुळीनं तोंड भरलं, गुडघ्यांनी वाटेत दोनदा दावा मांडला, आणि पहिल्या घरी म्हातारीनं दार उघडून घड्याळाकडं बोट दाखवलं. बोलली काही नाही. पुढच्या वेळी बोलणार, हे दिसत होतं.

प्रणिताताईच्या दारात ती पोचली तेव्हा ताई हात पुढं करूनच उभी होती. हातात ते काळं घड्याळ.

"बरं झालं आलात मावशी! आता जिल्ह्याची स्पर्धा आहे. आणि गंमत बघा, आता तुम्ही पुलावरून येणार म्हणजे चालणं किती वाढेल!"

कडूबाईनं घड्याळाला हात लावला नाही.

"ताई, तुमाला काय झालं हुतं?"

"मला? कधी?"

"डाक्टर म्हनले हुते न्हवं? चाललं न्हाई तर काय खरं न्हाई म्हनून?"

"अहो, तो धवल!" ताई खळखळून हसली. "वजनावरून चिडवत होता. मी कशाला आजारी पडते?"

"मी नवस समजले वो. तुमच्या नावानं अनवानी चालले. तीन म्हैने."

"अनवाणी?" ताईच्या कपाळाला आठी पडली. "अगंबाई! सांगायचं नाही का मला? माझ्या जुन्या चपला पडल्याच होत्या, दिल्या असत्या."

इतक्या दिवसांत कडूबाईला राग आला होता, लाज वाटली होती, रडूही आलं होतं. ह्या वाक्याला मात्र त्यातलं काहीच उरलं नाही. पायाखाली गोम दिसावी तसं तिनं ताईकडं बघितलं. मारायचीसुद्धा इच्छा होईना.

"ऱ्हाऊ द्या चपला," ती शांतपणे म्हणाली. "पन एक सांगून जाती. आमच्यात नवस मधीच सुटला, तर ज्याच्या नावानं चालला त्याच्या टाचंत उतरतो. टाच धरती. मग ज्याचा त्यानं अनवानी चालून पुरा करायचा. दुसऱ्याचे पाय मग चालत न्हाईत."

हे धादांत खोटं होतं. अशी कुठलीही रीत पाथर्डीकडं नाही, कुठंच नाही. दारात उभ्या उभ्या तिला सुचलं आणि तिनं बोलून टाकलं. देवीला तिनं मनातल्या मनात सांगून ठेवलं, आई, हे तुझ्या नावावर नको लिहू, माझ्या नावावर लिही.

"काहीतरीच तुमचं!" ताई पुन्हा हसली. पण ह्या वेळी हसू अर्ध्यात थांबलं.

कडूबाईनं ते घर सोडलं.

रविवार उजाडला. नव्या चालमार्गाचं उद्घाटन, आणि नकाशाप्रमाणे मार्गाची सुरुवात वस्तीच्या नळापासून. चालायला येणारी मंडळी वस्तीपर्यंत गाड्यांतून आली. नळापुढं गाड्या लावल्या, त्यामुळं पाण्याची रांग मोडली आणि उद्घाटनाला शिव्यांचं मंगलाचरण झालं. फलकावरचा पडदा निघाला. खाली ठसठशीत तांबडी रेघ, जशीच्या तशी, भिंतीतून आरपार गेलेली. फलक छापणाऱ्यानं विचारलं नाही, मंडळानं बघितलं नाही. बघणार कोण? त्या वाटेनं मंडळातलं कुणी एकदाही चाललेलं नव्हतं.

शिट्टी वाजली. पुढं प्रणिताताई, मागं सगळी फौज. नाल्यापाशी नाकाला रुमाल लागले. बाभळींपाशी दोघींच्या ओढण्या अडकल्या. आणि मग फौज जाऊन थांबली ती भिंतीसमोर. कोऱ्या विटा, ताजं सिमेंट. मागून वस्तीतल्या बाया घागरी कमरेवर घेऊन बघायला आलेल्या, कडूबाई सगळ्यात पुढं.

"आता?" खेकड्यानं विचारलं.

"पुलावरून वळसा घेऊ," भागवत सर म्हणाले.

"पुलावरून? सर, ते किती लांब आहे! एवढं कोण चालणार?"

हे प्रभातफेरी मंडळाचे लोक! झुंबरबाईला असं हसू फुटलं की तिची घागर हिंदकळली. खिंकाळ्यांना वर्षानुवर्षं झाडाखाली उभं राहून जमलं नाही असं ते हसणं होतं. फौज मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हती. उन्हं वर येत होती, मागं फिरावं तर नाला, पुढं भिंत, आणि पोहे भिंतीच्या पलीकडं. मंडळातला एक जण बांधकामाचा ठेकेदार होता, भिंत त्याच्याच माणसांनी उभी केली होती. त्यानं फोन लावला. माणसं पहार घेऊन आली. सोमवारी घातलेल्या विटा रविवारी निघायला लागल्या, आणि तोवर चालणारी मंडळी बांधावर रुमाल पसरून बसली.

कडूबाईचं लक्ष तेव्हा प्रणिताताईच्या पायांकडं गेलं. ताई अनवाणी होती. टाचेला माती, अंगठ्याला रक्त, पोटरीला बाभळीचा ओरखडा. "मातीशी नातं," असं भागवत सर कुणाला तरी समजावून सांगत होते, "अनवाणी चालणं आरोग्याला उत्तम." ताई हळूच उठली आणि लंगडत कडूबाईजवळ आली. आवाज अगदी खाली.

"मावशी, त्या दिवसापासून टाच दुखतेय हो. रात्री झोप नाही. धवल म्हणतो काही नाही, पण दुखतेय. हे आज चालले, आता पुरा होईल ना?"

कडूबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं. बाई खरंच घाबरली होती. रंग उडालेला, ओठ सुकलेले. तीन महिने दुसऱ्याच्या पायांनी चालताना जिचा ऊर भरून आला नव्हता, ती आपल्या एका टाचेसाठी रडायला आली होती. खोटं आहे ते, असं सांगून टाकता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात शेवटची वीट निघाली आणि भगदाडातून बागेतला उजेड बाभळींवर पडला.

"व्हईल पुरा," कडूबाई म्हणाली. "पन ही वाट परत बुजली, का त्याला फाटक बसवून कुनी कुलूप लावलं, तर पुन्यांदा धरती. दुसरी टाच बी."

"नाही, नाही! मी सांगते त्यांना. आजच ठराव करते."

"करा," कडूबाई म्हणाली. "आन जाताना काटं बघून पाय टाका. चालायची सवं न्हाई तुमाला."

मंडळी उठून भगदाडाकडं सरकायला लागली होती. कडूबाई त्यांच्यातून वाट काढत पुढं गेली. खेकडा मधे आला, त्याला तिनं जन्मभर आठवेल अशी शिवी दिली. मग सवयीनं अजून पिशवीतच ठेवलेल्या चपला पायात सरकवल्या, अंग जरा वाकडं केलं आणि आत शिरली. रविवारी पहिल्या घरची म्हातारी उशिरा उठते, तिचा चहा अजून व्हायचा होता.